नावाची पाटलीण

माझी लंकामावशी पाटलीण आहे आणि तिच्या हातात काहीही नाही. म्हणजे तीन एकर जमीन आहे, विहीर आहे, पाखऱ्या आणि सरदार ही बैलजोडी आहे, एकसष्टाव्या वर्षी पहाटे चारला उठून कोथिंबिरीच्या जुड्या बांधायची ताकद आहे. पण पाटील म्हटल्यावर लोकांच्या डोळ्यांपुढे जे येतं त्यातलं काही नाही. शिक्का नाही, दप्तर नाही, कोणाला हुकूम सोडायची सोय नाही. वतनी पाटीलकी कायद्यानं गेली तेव्हा मावशीचा जन्मही झाला नव्हता. सरकारचा पोलीस पाटील निराळा. तो अर्ज करून, परीक्षा देऊन होतो. मावशीच्या घरात उरला तो फक्त पोळ्याचा मान.

तो असा. पोळ्याला मारुतीसमोरच्या वेशीत आंब्याच्या पानांचं तोरण बांधतात. सगळ्या जोड्या सजून उभ्या राहतात. पहिली जोडी मावशीची जाते, मावशी तोरण तोडते, आणि मग पोळा फुटतो, म्हणजे मागचे सगळे बैल निघतात. आदल्या दिवशी, खांदेमळणीला, पाटलाच्या घरानं प्रत्येक वस्तीवर जाऊन आवतण द्यायचं. झालं, संपली पाटीलकी. वर्षातले बाकीचे तीनशे त्रेसष्ट दिवस मावशी शेअर जीपमध्ये कोथिंबिरीचं गाठोडं मांडीवर घेऊन नाशिकरोडच्या बाजाराला जाते आणि गिऱ्हाइकाशी एका जुडीवरून हुज्जत घालते. गावात तिला ‘नावाची पाटलीण’ म्हणतात. काही जण मायेनं म्हणतात, काही जण खोचकपणे, आणि मला या दुसऱ्यांचा फार राग यायचा.

मी शेखर. तिच्या थोरल्या बहिणीचा मुलगा. नाशिकरोडच्या एका कॉलेजात तेवीस वर्षं राज्यशास्त्र शिकवतो. माझा प्रबंध बेल्जियमच्या राजेशाहीवर आहे. हसू नका, सगळे हसून झालेले आहेत. स्टाफरूममध्ये मला ‘राजेसाहेब’ म्हणतात, आणि माझी बायको तृप्ती पाहुण्यांना सांगते, “ह्यांचं घर जेल रोडला आहे पण लक्ष ब्रुसेल्सला असतं.” अभ्यासक्रमात ‘संवैधानिक राजेशाही’ हा मुद्दा पाच गुणांना आहे. राजा नामधारी प्रमुख असतो, सत्ता लोकनियुक्त सरकारकडे असते, राजा राष्ट्रीय ऐक्याचं प्रतीक असतो. मुलं तीन ओळी लिहितात, मी पाचातले साडेतीन देतो, देश पुढे जातो.

नामधारी या शब्दाचा अर्थ मला एका कोथिंबीरवालीनं शिकवला, ती ही गोष्ट आहे.

गाव उंबरवेढे. नाशिकरोडवरून सिन्नरकडे निघालं की घाट चढून डावीकडे आत. गाव एक म्हणायचं, पण आहेत तीन. मूळचं गावठाण, तिथं मावशीची भावकी. डोंगराच्या पायथ्याला ठाकरवाडी. ते म्हणतात, आम्ही होतो तेव्हा गावठाण नव्हतंच, आणि बहुतेक खरं म्हणतात. आणि तिसरी कॉलनी. सिन्नरला कारखाने आले तेव्हा सटाणा-मालेगावकडची माणसं कामाला आली, इथंच प्लॉट घेऊन राहिली. ती घरात अहिराणी बोलतात. पस्तीस वर्षं झाली तरी गावठाण त्यांना ‘ती खान्देशी’ म्हणतं आणि ती गावठाणाला ‘त्या गावना लोके’ म्हणतात. पाणी कोणाला आधी, रस्ता कोणाचा आधी, यावरून तिघांचं वर्षभर वाजतं. एकत्र येतात ते फक्त पोळ्याच्या तोरणाखाली. कॉलनीत एकही बैल नाही, तरी ती माणसं पाटावर मातीचे बैल मांडून, पाट डोक्यावर घेऊन रांगेत उभी राहतात.

गेल्या वर्षी पोळ्यानंतर महिन्याभरात ग्रामपंचायतीची निवडणूक होती आणि सरपंचपद महिलेसाठी राखीव निघालं. श्रावणातल्या एका रविवारी मावशीचा फोन आला. “मास्तर, ये जरा. सही करू का नको ते सांग.”

मी गेलो तेव्हा ती ओट्यावर जुड्या बांधत बसली होती. शेजारी उमेदवारीचा अर्ज पाटाखाली दाबून ठेवला होता, वाऱ्यानं उडू नये म्हणून. तो ज्ञानेशनं आणून दिला होता. ज्ञानेश तिचा पुतण्या, दिराचा मुलगा. गावठाणाचा पुढारी, दोन ट्रॅक्टर, एक जेसीबी, पांढरे बूट. देवरामकाका, म्हणजे मावशीचे यजमान, नऊ वर्षांपूर्वी गेले तेव्हा पोळ्याचा मान आपल्याकडे येणार असं त्यानं धरूनच ठेवलं होतं. मावशीला मुलगा नाही, एक मुलगी वेदिका, ती सासरी. पण ठाकरवाडीचा म्हातारा फकिरा तेव्हा चावडीत उठून म्हणाला होता, “आवतण द्यायला पाटलीण येती. तोरण बी तिनंच तोडावं.” कॉलनीनं मान डोलावली. ज्ञानेशनं गिळलं, पण पचलं नाही.

आता तोच म्हणत होता, काकू, तुम्ही सरपंच व्हा. बिनविरोध. तुमच्या नावाला ठाकरवाडी नाही म्हणणार नाही, कॉलनी नाही म्हणणार नाही. तुम्ही फक्त सही करा, बाकी आम्ही बघतो.

मी आनंदानं उडालोच. मावशीपुढे मी अर्धा तास व्याख्यान दिलं. महिला नेतृत्व, संधी, मानाला सत्तेची जोड, नावाची पाटलीण म्हणणाऱ्यांची तोंडं बंद. इतकं चांगलं व्याख्यान मी वर्गात कधी दिलं नव्हतं. मावशी ऐकत होती, जुड्या बांधत होती. शेवटची जुडी बांधून तिनं सुतळीचं टोक दातानं तोडलं.

“तुझा तो बेलजमचा राजा,” ती म्हणाली, “निवडणुकीला उभा राहतो का रे?”

प्रबंध झाला तेव्हा मी तिला पेढे द्यायला आलो होतो आणि तो राजा तिला समजावून सांगितला होता. तिकडे उत्तरेतले लोक एक भाषा बोलतात, दक्षिणेतले दुसरी, पूर्वेला थोडे लोक तिसरी. एकमेकांशी पटत नाही. एकदा तर दीड वर्ष सरकारच बनेना; राजा एकेका पुढाऱ्याला बोलावून घ्यायचा, ऐकायचा, कोणाला तरी मध्यस्थ नेमायचा, तो थकला की दुसरा. गादीवर बसताना राजा तिन्ही भाषांत शपथ घेतो, आणि स्वतःला बेल्जियमचा राजा म्हणवत नाही, बेल्जियन लोकांचा राजा म्हणवतो. तेव्हा ती नुसतं ‘आस्सं’ म्हणाली होती. मला वाटलं, विसरली असेल.

“नाही राहत,” मी म्हणालो. “त्याला राहताच येत नाही.”

“का?”

“कारण तो...”

“बोल की. पोरांना काय सांगतो?”

“कारण तो सगळ्यांचा असतो. एका बाजूनं उभा राहिला की दुसऱ्या बाजूचा राहत नाही.”

“मग मला कशाला उभी करतो?”

लोका सांगे ब्रह्मज्ञान, स्वतः कोरडे पाषाण. मी ओट्यावर पाषाणासारखाच बसून राहिलो. मावशीनं आत जाऊन चहा टाकला, आणि चहा होईपर्यंत चुलीपासूनच बोलत राहिली. मला आजवर कोणी न सांगितलेली गोष्ट तिनं तेव्हा सांगितली.

चोवीस वर्षांपूर्वी मी पुण्यात एम. ए. करत होतो, तेव्हा देवरामकाका सरपंच झाले होते. पाटील आणि सरपंच, दोन्ही. काका वाईट माणूस नव्हते. पण पाण्याची टाकी एकच मंजूर झाली, आणि टाकी कुठंतरी बांधावीच लागते. काकांनी ती गावठाणात बांधली. नियमानं बांधली, ठराव करून बांधली. त्या वर्षी पोळ्याला काका जोडी घेऊन वेशीत आले, तोरण तोडलं, आणि मारुतीपर्यंत जाऊन वळून बघतात तर मागं फक्त भावकीचे बैल. ठाकरवाडीनं डोंगराकडं दोन बांबू रोवून आपली वेस केली होती. कॉलनीचे मातीचे बैल घरातच राहिले. संध्याकाळी दोन्ही वेशींच्या मध्ये दगडफेक झाली, फकिराच्या भावाचा डोळा गेला.

“मालक त्या राती जेवले नाय,” मावशी म्हणाली. ती काकांना मालक म्हणायची. “मला म्हणले, लंका, पाटील होतो तवा सगळे माझे होते. सरपंच झालो अन् निम्मेच उरले. मी चुकीचं काय केलं सांग. मी म्हणलं, चुकीचं काय नाय केलं. फक्त दोन्ही तुमीच केलं.”

काकांनी मुदत संपल्यावर पुन्हा निवडणुकीचं नाव घेतलं नाही. पण फुटलेलं गाव जोडलं ते मावशीनं. खांदेमळणीच्या दिवशी ती एकटी ठाकरवाडीत जायची, दारादारात आवतण द्यायची. पहिल्या वर्षी कोणी दार उघडलं नाही. दुसऱ्या वर्षी फकिराच्या बायकोनं पाणी दिलं. सातव्या वर्षी फकिराचे बैल गावठाणाच्या वेशीत आले. सात वर्षं! आणि मी तिला अर्धा तास नेतृत्व म्हणजे काय ते सांगत होतो.

वर आणखी कहर असा की बेल्जियममध्ये नेमकं हेच झालेलं आहे. महायुद्धानंतर परदेशात असलेल्या एका राजानं परत यावं की नाही यावर मतदान घेतलं गेलं. उत्तरेनं हो म्हटलं, दक्षिणेनं नको म्हटलं. एकूण बहुमत राजाच्या बाजूनं होतं, तरी दंगली उसळल्या आणि त्याला मुलासाठी गादी सोडावी लागली. सरपंचाला बहुमत पुरतं. राजाला पुरत नाही. माझ्या प्रबंधाचं तिसरं प्रकरण हेच आहे. मी ते लिहिलं, छापलं, शिकवलं आणि माझ्या मावशीच्या ओट्यावर बसून विसरलो.

“अतिशहाणा त्याचा बैल रिकामा,” मावशीनं चहाची बशी पुढे केली. “तुला तर बैलबी नाय.”

संध्याकाळी ज्ञानेश आला. मावशीनं कोरा अर्ज चौघडी करून त्याच्या हातात दिला.

“काकू, असा चान्स परत येणार नाय.”

“परत नकोच.”

“मग कोणाला उभं करायचं?”

“ते तुमी ठरवा. तुमच्यात पोरी हायेत, कॉलनीत हायेत, वाडीत हायेत. मी कोणाचं नाव घेणार नाय, कोणाच्या सभेला येणार नाय.”

ज्ञानेशचा चेहरा लाल झाला. तो माझ्याकडे बघून म्हणाला, “हे मास्तरांनी शिकवलं वाटतं.” मला खोटं मोठेपण घ्यायचा मोह झाला, पण मावशी समोर होती.

“एक लक्षात ठेवा, काकू,” तो म्हणाला. “मान गावठाणानं दिलाय. गावठाण काढूनबी घेईल.”

“मान कोणी देत नसतं, ज्ञानेश,” मावशी म्हणाली. “मान ठेवत्यात. अन् ठेवणारे तिघं हायेत. तू त्यातला एक.”

तो बुलेटला किक मारून गेला. मला वाटलं, संपलं. कसलं संपतंय! पुढचे पंधरा दिवस मावशीच्या ओट्यावर रीघ लागली. कॉलनीतून भाग्यश्री आली. कारखान्यात पॅकिंगला जाते, बचत गट चालवते, बोलायला तिखट. कॉलनीची ग्रामपंचायत वेगळी करा असा अर्ज ते लोक देणार होते आणि त्यावर पहिली सही मावशीची हवी होती. “मावशी, आठ दिवसमा एक डाव पाणी येस आमले. तुम्हीच सांगा, कसाले राहवो यास्नासंगे?” मावशीनं तासभर ऐकून घेतलं. मग म्हणाली, पाण्याचं ग्रामसभेत भांड, मी येऊन पुढं बसते, तुला कोणी गप्प बसवणार नाय. पण सही करणार नाय. भाग्यश्री चहा न पिता गेली.

मग फकिरा आला. ठाकरवाडीनं ठरवलं होतं की यंदा आपला पोळा आपल्या वेशीत, आणि पाटलीणबाईनं आपली जोडी तिकडं आणावी. “तुला गावठाण नको झालं तं आमी हाय ना,” म्हातारा म्हणाला. मायेनं म्हणाला, आणि तीच खरी अडचण होती. मावशीनं त्याचे हात धरले आणि नाही म्हणाली. फकिराही उठून गेला.

तिसऱ्या रविवारी मी गेलो तर ओटा रिकामा. गावठाणातल्या बायका आडाला सोबत येत नव्हत्या. ज्ञानेशची आई सुलाबाई, मावशीची सख्खी जाऊ, जिच्याबरोबर तिनं चाळीस वर्षं एका भिंतीआड संसार केला, तिनं भिंतीवरून ताक देणं बंद केलं होतं. “मान सांगावा जना, अपमान सांगावा मना,” मावशी म्हणाली, पण डोळे पुसले. मी म्हणालो, मावशी, तिघंही तुटले. आता हट्ट कशाचा?

“तोरण एकच बांधलं जाईल ह्याचा,” ती म्हणाली. “एकच. बाकी मला काय नको. अन् मी कोणाकडनं उभी राह्यले तं दोन व्हतील, का तीन व्हतील. एक नाय व्हायचं.”

आवाज चढवला नव्हता. पाखऱ्याच्या पाठीवरून खरारा फिरवत बोलली. मला तिची काळजी वाटली आणि खोटं कशाला बोलू, थोडी भीतीही वाटली.

खांदेमळणीच्या दिवशी मी कॉलेजातून रजा टाकली. तीनला ती निघाली. डाव्या हातात हळदलोण्याची वाटी, उजव्या हातात काठी, मागं मी पिशवी घेऊन. आमच्याकडची रीत अशी की बैलाच्या खांद्याला हळद-लोणी चोळायचं आणि त्याच्या कानात म्हणायचं, आज आवतण घ्या, उद्या जेवायला या. आधी बैलाला, मग धन्याला.

पहिलं घर तिनं ज्ञानेशचं घेतलं. अंगणात दोन पांढरीशुभ्र उंचापुरी खिल्लारं बांधली होती. ती त्यानं सिन्नरकडून पोळ्यापुरती भाड्यानं आणली होती. उद्या पहिली जोडी कोणाची, याचं उत्तर अंगणातच रवंथ करत उभं होतं. मी म्हणालो, चल मावशी, मागं फिरू. ती सरळ आत गेली, त्या परक्या बैलांच्या खांद्याला हळद चोळली, कानात आवतण दिलं. दारात सुलाबाई उभी होती.

“ह्यांना कशाला?” सुलाबाई म्हणाली. पंधरा दिवसांतला पहिला शब्द.

“बैलांचा काय दोष? पाव्हणे हायेत,” मावशी म्हणाली. “सुला, उद्या या. एकच पोळा हाय.” सुलाबाई वळून आत गेली.

मग ठाकरवाडी. तिथं मावशी त्यांच्या बोलीत बोलली. काय बोलली ते मला नीट कळलं नाही, पण फकिरा आधी भुवया चढवून ऐकत होता आणि मग हसला. यंदाच्या वेशीसाठी रोवलेले दोन बांबू मात्र तिथंच होते. कॉलनीत बैल नाहीत, म्हणून मावशीनं पाटावरच्या मातीच्या बैलांच्या खांद्याला बोटानं हळद लावली, एकेकाला, पंचवीस-तीस तरी असतील. मग ती उभी राहिली आणि म्हणाली, “भाऊस्वन, बहिनीस्वन, सकाय या. हाई गाव तुमना शे.” म्हणजे, उद्या या, हे गाव तुमचं आहे.

“तुमनं शे,” भाग्यश्रीनं दुरुस्त केलं. “गाव ‘तुमनं’ ऱ्हास, मावशी.”

“हाई गाव तुमनं शे,” मावशी आज्ञाधारक मुलीसारखी म्हणाली. कोणीतरी हसलं, मग बरेच जण हसले. परतताना मी तिला विचारलं, हे कधी शिकलीस? “तूच म्हणला ना, तुझा राजा तीन बोलींत शपथ घेतो,” ती म्हणाली. “तवापासून शिकते. बारा वर्सं झाली. अजून चुकते.”

पोळ्याच्या दिवशी ऊन होतं. वेशीत तोरण बांधलेलं. गावठाणाच्या अकरा जोड्या रांगेत, आणि तोरणाला नाक लावून सगळ्यांच्या पुढं ज्ञानेशची खिल्लारं, शिंगांना बेगड, पाठीवर रेशमी झुली. मावशी पाखऱ्या-सरदारला घेऊन आली. पाखऱ्या आता म्हातारा झालाय, मागचा पाय ओढतो. तिची जागा पुढची. पण पुढं जागाच नव्हती. ती थांबली. भांडली नाही, बाजूला हो म्हणाली नाही. रांगेच्या कडेला कासरा धरून उभी राहिली.

मला राहवेना. “बोल ना काहीतरी,” मी म्हणालो.

“मागून घेतला तं तो मान कसला?”

मग डोंगराकडून हलगी ऐकू आली. फकिरा पुढं, मागं नऊ जोड्या. बांबूंची वेस ओलांडून ते सरळ इकडं येत होते. दुसरीकडून कॉलनीची माणसं, डोक्यावर पाट, पुढं भाग्यश्री. मावशीनं डोळे मिटले आणि उघडले. दोन्ही रांगा येऊन उभ्या राहिल्या आणि त्यांना ज्ञानेशची जोडी दिसली. हलगी थांबली.

ज्ञानेशला वाटलं, हीच वेळ. त्यानं कासरा ओढला. खिल्लारं तोरणाखालून गेली, त्यानं हात वर करून तोरण तोडलं, अर्धं खाली लोंबलं. “पोळा फुटला!” तो ओरडला, आणि मारुतीकडं चालू लागला.

कोणी हललं नाही. ठाकरवाडी नाही, कॉलनी नाही, आणि हे मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं, गावठाणही नाही. ज्ञानेश पन्नास पावलं गेला आणि त्याला मागं खुरांचा आवाज ऐकू येईना. तो वळला. चोवीस वर्षांपूर्वी काकांच्या मागं निदान भावकी होती. याच्या मागं मोकळी वेस होती.

तेव्हा सुलाबाई घरातून आली. हातात आरतीचं ताट. लेकाच्या बैलांना ओवाळायला ती निघाली होती असं सगळ्यांना वाटलं. ती वेशीपाशी आली, लेकाकडं एकदा बघितलं, आणि वळून मावशीच्या जोडीपुढं उभी राहिली. तिनं पाखऱ्याच्या कपाळाला कुंकू लावलं. “लंके, जा की आता,” ती म्हणाली. “उन्हात किती वेळ उभं करती सगळ्यांला?”

मावशी निघाली नाही. तिनं वेशीतून पलीकडं हाक मारली. “ज्ञानेश! बैल माघारी आण. तुझी जोडी माझ्या मागं. दुसरी.”

तो तिथंच उभा राहिला. मला वाटलं, निघून जाईल. माझी इच्छाही होती, खोटं सांगत नाही. पण मावशी हलेना आणि ती हलल्याशिवाय गाव हलणार नव्हतं. शेवटी खाली मान घालून तो बैल घेऊन माघारी आला आणि तिच्या मागं उभा राहिला. फकिरानं त्याला जागा करून दिली. भाग्यश्रीनं जमिनीला लागलेलं तोरणाचं टोक उचलून पुन्हा खुंटीला बांधलं.

मग मावशीनं ते तोडलं, आणि पोळा फुटला. पाखऱ्या पाय ओढत, सरदार त्याच्या चालीनं, मागं ज्ञानेशची खिल्लारं, मागं ठाकरवाडी आणि गावठाण मिसळून, आणि शेवटी डोक्यांवरून हलत येणारे मातीचे बैल. सरपंच कोण झालं, कॉलनीच्या पाण्याचं काय झालं, ती भांडणं पुढं ग्रामसभेत झाली आणि अजून होतायत. मावशीनं मत कोणाला दिलं, ते तिनं मलाही सांगितलेलं नाही.

मारुतीपाशी पोचल्यावर तिनं माझ्या हातात कासरा दिला. मी तिच्या शेजारीच होतो, म्हणून मला ऐकू आलं. ती वळली, वेशीकडं बघितलं, बोट न दाखवता नजरेनंच रांग शेवटपर्यंत मोजली.

“मालक,” ती हळूच म्हणाली, “सगळे हायेत.”